ब्राझीलच्या शाळेंत आफ्रिकेचीं दैवतें

२०१४ सालच्या एप्रिल महिन्यांत रिओ दे जानेरो येथील एका न्यायाधीशासमोर एक साधें वाटणारें प्रकरण आलें. आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या उपासनांची निंदा करणारीं कांहीं चलच्चित्रें महाजालावर फिरत होतीं. तीं काढून टाकण्याचा हुकूम द्यावा, अशी सरकारी वकिलांची मागणी होती. न्यायाधीशानें ती नाकारली. नुसती नाकारली असती, तर ही गोष्ट चार दिवसांत विसरली गेली असती. परंतु त्यानें कारण दिलें. ह्या उपासनांना धर्म म्हणतां येणार नाहीं. कारण धर्माला बायबल किंवा कुराण ह्यांसारखा आधारग्रंथ लागतो, अधिकाराची उतरंड लागते आणि भजण्यासाठीं एक ईश्वर लागतो. येथें ह्यांपैकीं कांहींच नाहीं, असा त्याचा युक्तिवाद होता. देशभर गहजब झाला. पुढल्याच महिन्यांत त्यानें हें विधान मागें घेतलें, मागणी मात्र तेव्हांहि मान्य केली नाहीं; चित्रें काढण्याचा हुकूम पुढें वरिष्ठ न्यायालयानें दिला.

ह्या गृहस्थाला दुष्ट म्हणून सोडून देणें सोपें आहे. पण त्यानें कांहीं लाभ होत नाहीं. तो विद्यासंपन्न होता, कायद्याचा पंडित होता. ज्या देशांतील निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णी किंवा मिश्रवर्णी आहेत, त्या देशांत त्याचें सारें शिक्षण झालें होतें, आणि तरीहि आपल्या शेजाऱ्यांच्या देवघरांत काय आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. हें अज्ञान एकट्याचें नव्हतें. तें चार शतकें खपून तयार केलेलें होतें, आणि त्याच्या घडणींत शाळेचा वांटा मोठा होता.

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारें ४८ लक्ष आफ्रिकन माणसें गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरविण्यांत आलीं. अमेरिका खंडांतील दुसऱ्या कोणत्याहि देशानें इतकीं माणसें आणलीं नाहींत. तीं कोणा एका जातीचीं नव्हतीं. अंगोला व काँगो येथील बांटू भाषा बोलणारे होते, दाहोमीचे फोन होते, आणि शेवटच्या शतकांत बाहिया प्रांतांत विशेषतः योरुबा लोक आले. मुसलमानहि होते, १८३५ च्या जानेवारींत सल्वादोर शहरांत ज्यांनीं बंड केलें, त्यांच्यापाशीं अरबी लिपींत लिहिलेले कागद सांपडले, आणि आपले गुलाम मालकांहून अधिक साक्षर असावेत ह्या शंकेनें मालकवर्ग हबकून गेला. गुलामांना बाप्तिस्मा देणें सक्तीचें होतें. त्यांनीं तो घेतला, संत बार्बारेच्या मूर्तीपुढें मेणबत्ती लावली, आणि तिच्यांत आपली वादळाची देवता इयांसां पाहिली.

गोमंतकाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. राजा एकच होता, आणि चर्चहि तेंच. गोव्यांत १५६० सालीं धर्मसमीक्षणाची स्वतंत्र कचेरी बसली आणि मधलीं थोडीं वर्षें सोडतां ती १८१२ पर्यंत चालली. ख्रिस्ती झालेल्यांनीं जुन्या चालीरीती पाळूं नयेत म्हणून १७३६ सालीं तिनें मोठा जाहीरनामाच काढला. ब्राझीलमध्यें अशी स्वतंत्र कचेरी कधींच नव्हती. तेथील कारभार लिस्बनहून चाले. १५९१ सालीं तेथून एक तपासनीस बाहियास आला होता. तरी गुलाम गोव्यांतील रयतेहून सुटा होता असें मात्र नाहीं. त्याच्यावर नजर ठेवण्यास त्याचा मालक पुरेसा होता.

१८२४ च्या राज्यघटनेनें कॅथॉलिक धर्म हा साम्राज्याचा धर्म ठरविला, आणि इतरांनीं आपल्या घरांत, बाहेरून देवळासारखें न दिसणाऱ्या जागीं, उपासना करावी अशी सवलत दिली. गुलामगिरी १३ मे १८८८ रोजीं संपली. पुढल्या वर्षीं राजसत्ता गेली, प्रजासत्ताक आलें, आणि १८९० च्या जानेवारींत चर्च व राज्य ह्यांची फारकत झाली. येथें धर्मस्वातंत्र्याचा अध्याय सुरू व्हावयास हवा होता. परंतु त्याच सालच्या ऑक्टोबरांत नवें दंडविधान आलें, आणि त्याच्या १५७ व्या कलमानें ‘जादू व तिचे मंत्रतंत्र’ हा गुन्हा ठरला. पाद्र्याच्या हातून सुटलेला मनुष्य असा शिपायाच्या हातीं पडला. धर्म कोणता आणि जादू कोणती, हें ठरविण्याचें काम पोलिसचौकीकडे गेलें. आणि चौकीनें तें अंगाच्या रंगावरून ठरविलें.

विद्वानांनीं ह्या कामीं आधार पुरविला. बाहियांतील निना रॉद्रिगेस हा वैद्यकाचा प्राध्यापक ह्या उपासनांचा पहिला पद्धतशीर अभ्यासक होय. तो स्वतः त्यांच्या स्थानांत जाऊन बसे, त्यानें पाहिलें तें बारकाईनें लिहिलें, आणि पोलिसांच्या धाडींचा त्यानें निषेधहि केला. परंतु काळ्या माणसाची बुद्धि अमूर्त ईश्वराची कल्पना पेलण्यास असमर्थ आहे, असें त्याचें ठाम मत होतें. वंशावरून माणसाची फौजदारी जबाबदारी वेगळी धरावी, अशीहि शिफारस त्यानें १८९४ सालीं केली. धर्माविषयींची तुच्छता आणि वंशाविषयींची तुच्छता ह्या दोन वस्तु आहेत असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हा एक लेखक वाचावा. त्याच्या लेखांत त्या एकाच वाक्यांत नांदतात.

धाडींत सांपडलेले ढोल, मूर्ति, माळा, घंटा, आसनें हीं सर्व पुरावा म्हणून जप्त होत. रिओच्या पोलिसांपाशीं त्यांचा मोठा सांठा जमला. १९३८ सालीं सरकारी वारसाखात्यानें त्या संग्रहाची राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंद केली. नोंदींतील नांव काय, तर ‘काळ्या जादूचें संग्रहालय’! म्हणजे वस्तु राष्ट्राच्या मालकीच्या, भक्त गुन्हेगार, आणि ठेवा पोलिसांच्या कपाटांत. १९४६ च्या घटनापरिषदेंत बाहियाचा कादंबरीकार जॉर्ज आमादो कम्युनिस्ट सभासद म्हणून बसला होता. उपासनास्वातंत्र्याचें कलम त्याच्या खटपटीनें आलें. तथापि बाहियांतील उपासनास्थानांना पोलिसांकडे नोंद करून परवाना घ्यावा लागे, तो नियम १९७६ पर्यंत उठला नाहीं.

आतां त्या न्यायाधीशाच्या तीन आक्षेपांकडे वळावें. कारण शाळेंत जें शिकवावयाचें तें त्यांच्या उत्तरांतच आहे.

बाहियांतील ह्या धर्माला कांदोंब्ले म्हणतात. त्याच्या स्थानाला तेरेइरो हा साधा पोर्तुगीज शब्द आहे. त्याचा अर्थ अंगण. योरुबा परंपरेच्या अंगणांत विश्वाचीं दोन अंगें मानतात: अदृश्याचें ओरून आणि माणसांचें आयये. सर्वांच्या वर ओलोरून किंवा ओलोदुमारे हा एकच परमेश्वर आहे. त्याचें देऊळ नाहीं, मूर्ति नाहीं, त्याला नैवेद्य नाहीं. तो इतका मोठा आहे कीं त्याच्याशीं व्यवहार करण्याची कोणाची छाती नाहीं. व्यवहार होतो तो ओरिशांशीं. ओगुन लोखंडाचा आणि वाटा पाडणाऱ्यांचा, शांगो विजेचा व न्यायाचा, ओशुन गोड्या पाण्याची, येमांजा समुद्राची, ओशाला मातीचें मनुष्यशरीर घडविणारा. ह्या सर्वांतून एक शक्ति वाहते, तिला आशे म्हणतात. ती पानांत आहे, पाण्यांत आहे, शिजविलेल्या अन्नांत आहे, आणि वडीलधाऱ्यांच्या बोललेल्या शब्दांत आहे. ती वांटल्यानें वाढते, सांठवून ठेवल्यानें आटते. मेलेला पूर्वज ह्या व्यवहारांतून बाहेर जात नाहीं. त्याचें नांव घेणारा कोणी आहे तोंवर तो घरचा आहे. एक ईश्वर नाहीं असें म्हणणाऱ्यानें एवढें विचारलें असतें, तरी पुरलें असतें.

उतरंडीचें तर विचारूंच नये. तेथें ज्येष्ठता जन्मवर्षावरून नव्हे तर दीक्षेच्या वर्षावरून मोजतात. सत्तर वर्षांचा नवदीक्षित मनुष्य वीस वर्षांच्या जुन्या दीक्षिताला वांकून नमस्कार करतो. सात वर्षांचीं व्रतें पुरीं झाल्यावांचून कोणी ज्येष्ठ ठरत नाहीं. आणि जुन्या अंगणांच्या शिरोभागीं बहुधा स्त्री असते; तिला सगळे आई म्हणतात.

राहिला ग्रंथ. ज्या देशांत वेद हजारों वर्षें मुखोद्गत राहिले, त्या देशांतील वाचकांस हा आक्षेप विशेष विचित्र वाटेल. योरुबांच्या ईफा नामक प्रश्नविद्येंत २५६ अध्याय आहेत, प्रत्येकांत अनेक पद्यें, आणि त्यांतील पंडित तीं वर्षानुवर्षें पाठ करीत असतो. २००५ सालीं युनेस्कोनें ह्या विद्येचा मानवजातीच्या मौखिक वारशांत समावेश केला. ब्राझीलमध्यें ती सोळा कवड्यांच्या रूपानें विशेष प्रचारांत आहे. कवड्यांची माळ घालून भवानीचा जोगवा मागणारे भक्त महाराष्ट्रानें पाहिले आहेत. परंतु मालदीवच्या समुद्रांतील ह्याच कवड्या युरोपीय गलबतांतून पश्चिम आफ्रिकेंत गेल्या आणि तेथें माणसें विकत घेण्याचें नाणें झाल्या, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. ज्या नाण्यानें मनुष्य विकला गेला, त्याच नाण्याला तो पुढें आपलें भविष्य विचारूं लागला.

सर्वांत मोठा अन्याय झाला तो एशूवर. एशू हा चव्हाट्याचा देव. माणसांचा निरोप ओरिशांकडे व ओरिशांचा माणसांकडे नेणारा. पहिला नैवेद्य त्याचा, कारण दूतच रागावला तर निरोप पोंचणार कसा? तो खोडकर आहे, लबाडहि आहे, माणसाची परीक्षा पाहतो. पण तो पापाचा राजा नव्हे. कारण ह्या विचारांत चांगुलपणाच्या विरुद्ध उभी असलेली अशी स्वतंत्र पापशक्तीच नाहीं. मिशनऱ्यांना मात्र बायबलांतील सैतानासाठीं एक शब्द पाहिजे होता. सॅम्युएल क्राउदर हा स्वतः गुलामगिरींतून सुटलेला योरुबा मनुष्य, पुढें बिशप झाला. त्याच्या योरुबा बायबलांत सैतानाच्या जागीं एशू हें नांव पडलें. एका भाषांतरानें एक देव भूत बनला. ब्राझीलच्या कित्येक नव्या पंथांच्या प्रार्थनामंदिरांत आजहि माणसाच्या अंगांतून जें पिशाच काढलें जातें, त्याचें नांव एशू असतें. ज्या मुलाच्या घरीं उंबऱ्याशीं एशूचें स्थान आहे, त्या मुलाला वर्गांत सैतानाचें पोर म्हणतात.

असें म्हणण्याचा शेवट कोठें होतो, हें दोन प्रसंगांवरून दिसेल. सल्वादोरच्या इतापुआं भागांतील माता जिल्दा ह्या तेरेइरोच्या प्रमुख होत्या. १९९९ सालीं एका मोठ्या पंथाच्या वृत्तपत्रानें भोंदूंवरील लेखासोबत त्यांचें छायाचित्र छापलें. मागाहून त्यांच्या स्थानावर त्रास देणारे लोक चालून आले. २१ जानेवारी २००० रोजीं हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. ती तारीख २००७ च्या कायद्यानें धार्मिक असहिष्णुतेविरुद्ध लढ्याचा राष्ट्रीय दिवस झाली. २०१५ च्या जूनमध्यें रिओ शहरांत अकरा वर्षांची एक मुलगी शुभ्र वस्त्रें नेसून आप्तांसह पूजेहून परतत असतां, हातांत बायबल घेतलेल्या माणसांनीं शिव्या देऊन दगड मारला; तो तिच्या डोक्याला लागला.

शाळेनें ह्यावर काय केलें? प्रजासत्ताकानें सरकारी शाळेंतून धर्मशिक्षण काढलें होतें. १९३१ सालीं तें परत आलें, आणि प्रत्यक्षांत तें कॅथॉलिक धर्मशिक्षणच असे. १९९७ सालीं कायदा सुधारून, ह्या तासाला धर्मप्रसार करूं नये, देशांतील धार्मिक विविधतेचा आदर राखावा, असें ठरलें. हें झालें कागदावर. दुसरीकडे कृष्णवर्णीयांची चळवळ निराळीच मागणी करीत होती. नाटककार व पुढारी आब्दियास दो नासिमेंतु ह्यानें लोकसभेंत १९८३ सालींच आफ्रिकेचा इतिहास शाळेंत शिकवावा असा मसुदा मांडला होता. पळून गेलेल्या गुलामांचा सेनानी झुंबी ह्याच्या मृत्यूस तीनशें वर्षें झालीं, तेव्हां १९९५ च्या नोव्हेंबरांत राजधानींत मोठी मिरवणूक निघाली. अखेर ९ जानेवारी २००३ रोजीं अध्यक्ष लुला ह्यांनीं, अधिकारग्रहणास पुरते दहा दिवस झाले नसतां, १०६३९ क्रमांकाच्या कायद्यावर सही केली. सरकारी व खाजगी सर्व शाळांत आफ्रिकेचा व आफ्रो-ब्राझिलियन लोकांचा इतिहास व संस्कृति शिकविणें बंधनकारक झालें. पुढल्या वर्षीं शिक्षणमंडळानें त्याचे मार्गदर्शक नियम केले. त्यांचा अहवाल पेत्रोनिल्या गोंसाल्विस इ सिल्वा ह्या विदुषींनीं लिहिला. २००८ सालीं मूळनिवासी जमातींचाहि त्यांत समावेश झाला.

परंतु ह्या कायद्यांत एक फट राहिली. त्यानें इतिहास, साहित्य व कला ह्या विषयांचा विशेष उल्लेख केला. धर्मशिक्षणाचें नांव घेतलें नाहीं. त्यामुळें पुष्कळ शाळांनीं आफ्रिका शिकविली ती ढोल, नाच आणि तेलांत तळलेले वडे ह्यांपुरती, आणि तीहि २० नोव्हेंबरच्या आसपास. मुलें रंगीत कागदांचे मुखवटे करीत; मुखवट्यामागील देव काय म्हणतो हें कोणी सांगत नसे. एखाद्या लोकाचा नाच घेऊन त्याचें तत्त्वज्ञान बाहेर ठेवणें हाहि एक अपमानच आहे, फक्त तो गोड हंसून केलेला असतो. ज्यानें ओशुनचा नाच पाहिला तो टाळ्या वाजवील. पण गोड्या पाण्याचें पावित्र्य हा एक विचार आहे हें ज्याला कळलें, तो दगड उचलण्यापूर्वीं थांबेल.

सल्वादोरमधील एका अंगणांत हें ज्ञान कायद्याच्या पुष्कळ आधीं झालें होतें. इले आशे ओपो आफोंजा हें स्थान १९१० सालीं युजेनिया आना दोस सांतोस, म्हणजे माता आनिन्या, ह्यांनीं स्थापन केलें. आपल्या लेकरांनीं शांगोच्या पायांशीं बसावें, पण बोटांत पदवीधराची आंगठी घालून बसावें, अशी त्यांची इच्छा होती, असें तेथें सांगतात. १९७८ सालीं त्या आवारांत मुलांसाठीं वर्ग निघाला, आणि त्याची पुढें नगरपालिकेची शाळा झाली. तिला आनिन्यांचेंच नांव आहे. स्थानाच्या पांचव्या प्रमुख माता स्तेला ह्या शिकलेल्या परिचारिका होत्या. संतांच्या मुखवट्याची आतां गरज उरली नाहीं, ओरिशांना ओरिशाच म्हणावें, असें त्यांनीं इतर मातांसह १९८३ सालीं जाहीर केलें. आणि २०१३ सालीं बाहियाच्या साहित्य अकादमीनें त्यांना सभासद करून घेतलें. ह्या शाळेंत वांदा माशादो ह्या शिक्षिकेनें आफ्रिकन कथांवर सारा अभ्यासक्रम उभारला. कथा पूजेसाठीं नव्हे, विचारासाठीं सांगावयाची.

त्यांतली एक परंपरागत कथा अशी. सर्व औषधी पानें ओसाइन ह्या एकट्या देवापाशीं होतीं. ज्याला हवें त्यानें त्याच्या दारीं जावें. शांगोला हें रुचेना. त्यानें इयांसांकडून वारा सोडविला. ओसाइनच्या झाडावरचा भोपळा हेलकावला, पानें उडालीं, आणि प्रत्येक ओरिशानें हातीं आलें तें पान उचललें. तेव्हांपासून प्रत्येकाचें आपलें पान आहे. पण पानांतली शक्ति जागविणारे शब्द ओसाइनपाशींच राहिले. त्याला विचारल्यावांचून पान नुसतें पान आहे. ही गोष्ट ऐकून आठ वर्षांचीं मुलें वनस्पतिशास्त्राकडेहि जाऊं शकतात आणि मालकीहक्काच्या प्रश्नाकडेहि. ज्ञान एकाजवळ असावें कीं सर्वांजवळ? वाऱ्यानें केलें तें बरें कीं वाईट? बाप्तिस्मा झालेल्या मुलाला ह्यावर मत देण्यास कांहीं अडचण येत नाहीं.

अशा शाळा मात्र विरळा. पुष्कळ शिक्षकांनीं स्वतः हें कधीं शिकलेलें नसतें; कित्येक स्वतःच नव्या पंथांचे असतात आणि एशूचें नांव उच्चारण्यास भितात. त्यांच्या भीतीची थट्टा करून भागणार नाहीं. तीहि त्यांना कोणी तरी शिकविलेली आहे. त्यांतच २०१७ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध पांच मतांनीं असा निर्णय दिला कीं सरकारी शाळेंतील धर्मशिक्षण एखाद्या पंथाचें म्हणूनहि देतां येईल. एका मताचा हा फरक लहान पंथांना फार महाग पडण्यासारखा आहे. कारण तासाला माणूस पाठविण्याचें बळ चर्चपाशीं असतें, अंगणापाशीं नसतें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मंजूर झालेला राष्ट्रीय अभ्यासक्रम मात्र पंथनिरपेक्ष आहे. त्यांत नवव्या इयत्तेला मरणोत्तर जीवनाच्या कल्पना शिकावयाच्या आहेत, आणि तेथें पूर्वजत्व, पुनर्जन्म, देहांतर व पुनरुत्थान हे चार शब्द एका ओळींत, एकाच मानानें आले आहेत. ज्या देशांत १९७६ पर्यंत ढोल वाजविण्यास पोलिसांचा परवाना लागे, तेथें ही ओळ लहान नव्हे.

२०१० च्या शिरगणतींत उंबांदा व कांदोंब्ले ह्यांचे अनुयायी शेंकडा ०.३ होते, २०२२ च्या शिरगणतींत ते शेंकडा १ निघाले. हे सगळे नवे भक्त समजूं नयेत. पूर्वीं जो मनुष्य गणकापुढें कॅथॉलिक म्हणे, तो आतां खरें सांगूं लागला असण्याचा संभव पुष्कळ आहे.

रिओच्या पोलिसांपाशीं अडकलेल्या वस्तूंसाठीं वृद्ध माता मेनिनाझिन्या ह्यांच्या पुढाकारानें मोठी खटपट झाली. २०२० च्या सप्टेंबरांत ५१९ वस्तु पोलिसांच्या ताब्यांतून निघून प्रजासत्ताकाच्या संग्रहालयांत गेल्या. हें संग्रहालय कातेते राजवाड्यांत आहे. १८९७ पासून १९६० पर्यंत ब्राझीलच्या अध्यक्षांचा कारभार तेथूनच चाले. संग्रहाचें ‘काळी जादू’ हें नांव गेलें. आतां त्याला ‘आमचें पवित्र धन’ म्हणतात. कोणती वस्तु कोणत्या दैवताची, कोणती लोकांसमोर मांडावी आणि कोणती झांकून ठेवावी, हें ठरवितांना तेथील अधिकारी आतां अंगणांतील वडीलधाऱ्यांना विचारतात.